पाठीच्या कण्यासाठी व्यायामवर्ग : शिकविणाऱ्यांचे शिक्षण

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात दरवर्षी एखाद्या विभागाच्या कार्याची सविस्तर ओळख करून देण्याचा प्रघात आहे. यंदा फिजिओथेरपी विभागाच्या प्रशिक्षण उपक्रमाविषयी लिहावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाने मला केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च, साठानोंदी आणि हजेरीपत्रके यांतच माझी उमेदीची वर्षे गेली. मणक्यांच्या शास्त्राविषयी अधिकारवाणीने काही सांगावे अशी माझी योग्यता नाही. परंतु हा उपक्रम ज्या चुकीतून उभा राहिला, ती चूक काही अंशी माझ्याच हजेरीपत्रकातील असल्यामुळे हे लेखन टाळणे मला प्रशस्त वाटले नाही.

मानखुर्द म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे वाशीच्या खाडीपुलाअलीकडचे हार्बर मार्गावरील स्थानक, शेजारची देवनारची कचराभूमी आणि लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींच्या इमारतींच्या रांगा येतात. महापालिकेच्या एम-पूर्व विभागातील ही वस्ती अंगमेहनतीची आहे. येथे कोणी अड्ड्यावर बसून दिवसभर जरीकाम करतो, कोणी मंडाळ्यात भंगार निवडतो, कोणी खाडी ओलांडून वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर ओझी वाहतो. स्त्रिया चेंबूर आणि नवी मुंबईकडे धुण्याभांड्याच्या कामाला जातात आणि त्याआधी घरचे पाणी भरतात. लिफ्ट बंद असली की भरलेली कळशी पाचव्या मजल्यावर जिन्यानेच न्यावी लागते. साहजिकच आपल्या बाह्यरुग्ण विभागात कंबर आणि पाठ दुखते म्हणून येणाऱ्यांची रांग कधी आटत नाही. अर्थात हा विकार केवळ आपल्या वस्तीचा नव्हे. जागतिक पाहणीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे.

इतक्या रुग्णांना एकेकटे बोलावून अर्धा-अर्धा तास व्यायाम शिकविणे आपल्या मनुष्यबळात शक्य नव्हते. तेव्हा दहा-बारा रुग्णांचा एकत्र वर्ग घ्यावा, अशी कल्पना पुढे आली. हिशेबनीस या नात्याने मला ती फारच पसंत पडली. एका फिजिओथेरपिस्टचा तोच तास बारा रुग्णांत विभागला जातो, औषधांचा खर्च वाचतो आणि यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही. भिंतीवर दहा व्यायामांचा एक रंगीत तक्ता लावला, सतरंज्या आणल्या आणि आठवड्यातून तीन दिवस वर्ग सुरू झाला. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई आणि सेवाभावाने येणारे एक योगशिक्षक तो घेत असत. हजेरी उत्तम होती. त्या तिमाहीच्या अहवालात मी मोठ्या समाधानाने उपस्थितीची टक्केवारी मांडली होती.

त्या वर्गात एक तरुण जरी कारागीर येत असे. पाठीच्या मध्यभागी दुखते एवढीच त्याची तक्रार होती. दिवसभर अड्ड्यावर वाकून बसणाऱ्याची पाठ दुखणारच, असे सर्वांनी गृहीत धरले. तो एकही दिवस चुकला नाही. माझ्या पत्रकातील सर्वांत नियमित रुग्ण तोच होता. सहाव्या आठवड्यात जिना चढताना त्याचे पाय लटपटू लागले. मग तपासणी झाली आणि वक्षभागातील दोन मणके क्षयरोगाने पोखरल्याचे निष्पन्न झाले. त्याला संध्याकाळी कणकण येत होती, वजन उतरले होते आणि रात्री दुखण्याने जाग येत होती. हे सर्व त्याला ठाऊक होते, पण त्याला ते कोणी विचारले नाही. महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. आज तो काठी घेऊन चालतो आणि पुन्हा आरी हातात धरतो. तथापि ते सहा आठवडे त्याचे त्याला परत मिळणार नाहीत.

मणक्याचा क्षय ही काही दुर्मीळ कथा नव्हे. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली त्याचे वर्णन केले आणि आजही हाडासांध्यांच्या क्षयापैकी सुमारे निम्मा मणक्यांतच आढळतो. सुरुवातीस साध्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही असेही होते. वेळीच ओळखल्यास बहुतेक रुग्ण केवळ औषधांनी बरे होतात. भारतातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही औषधे साधारणतः बारा महिने चालतात, ती शासनाकडून विनामूल्य मिळतात आणि पोषणासाठी दरमहा रोख साहाय्यही दिले जाते. उशीर झाल्यास मात्र पू व ढासळलेले हाड मज्जारज्जूवर दाब आणतात. दाट वस्तीत, कोंदट खोल्यांत आणि अर्धपोटी राहणाऱ्यांत क्षयाचे प्रमाण अधिक असते, हे सांगावयास नकोच. ज्या वस्तीत पाठदुखीच्या रांगेत क्षयही उभा असतो, तेथे व्यायामवर्गाचे पहिले काम व्यायाम शिकविणे हे नसून या वर्गात कोणाला घेऊ नये हे ठरविणे होय. आमच्या तक्त्यावर दहा व्यायाम होते; हा अकरावा मुद्दा नव्हता.

या प्रकरणानंतर वर्ग थांबविण्यात आला. ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञांनी सर्व कागदपत्रे पाहून जे सांगितले त्याने माझ्या हिशेबी मनास दुसरा धक्का बसला. क्षयाचा एक रुग्ण सोडला तरी उरलेल्या सर्वांना एकच तक्ता लावणे मुळातच चुकीचे होते, असे त्यांचे म्हणणे. ते मी माझ्या समजुतीप्रमाणे येथे मांडतो.

आपल्या कण्यात लहानपणी तेहतीस मणके असतात. खालचे काही पुढे एकमेकांत मिसळून जातात. सुट्या मणक्यांमध्ये लवचीक चकत्या असतात, त्यांनाच आपण गादी म्हणतो. चकती मागे सरकून पायात कळ जात असेल, तर पुढे वाकल्याने ती कळ बहुधा वाढते आणि पालथे पडून छाती उचलल्याने अनेकांना आराम पडतो. याउलट वृद्धापकाळी मज्जारज्जूची नळी अरुंद झाली असेल, तर उभे राहून चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसले की बरे वाटते. अशा आजोबांना पालथे झोपवून मागे वाकविले तर त्रास वाढतो. म्हणजे एकाचे औषध ते दुसऱ्याचे दुखणे! या विषयाचा इतिहासही असाच उलटसुलट आहे. अमेरिकेत १९३७ साली पॉल विल्यम्स यांनी कंबरदुखीसाठी पुढे वाकण्याचे व्यायाम मांडले. पुढे १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी यांच्या दवाखान्यात एक रुग्ण चुकून वर उचललेल्या पलंगावर पालथा पडून राहिला आणि त्याची पायातील कळ कमी झाली. तेथून मागे वाकण्याच्या व्यायामांची पद्धत विकसित झाली. दोन्ही पद्धतींना आपापले रुग्ण आहेत. प्रश्न असतो तो समोर कोण आहे हा.

ठिसूळ हाडांच्या वृद्ध स्त्रियांचा प्रश्न तर याहून नाजूक. १९८४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवे अस्थिभंग आढळले. पाठ मागे ताणणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. व्यायाम न करणाऱ्यांतही ते ६७ टक्के होते. पाहणी लहान होती हे खरे. पण आमच्या तक्त्यावरील दहापैकी चार व्यायाम पुढे वाकण्याचे होते आणि वर्गात साठी उलटलेल्या मावशी बसत होत्या, हे आठवले की अजूनही अस्वस्थ वाटते. दुसरीकडे, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ आखडलेली असणारा आणि हालचाल केल्यावरच मोकळा होणारा एखादा तरुण असतो. त्याला सांध्यांचा दाहक विकार असू शकतो. त्याला विश्रांती सांगणे हेच अपायकारक ठरते. व्यायाम हा त्याच्या उपचाराचा मुख्य भाग आहे.

मग प्रश्न असा उरला की, असा वर्ग आखण्याचे शिक्षण मिळते कोठे? मुंबईला या शास्त्राची परंपरा नाही असे नाही. देशातील पहिली फिजिओथेरपी शाला १९५३ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली आणि हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची. परंतु पदवीच्या शिक्षणात विद्यार्थ्यापुढे बहुधा एकच रुग्ण असतो. बारा निरनिराळ्या पाठी एकाच खोलीत, एकाच तासात सांभाळण्याचे कसब वेगळे आणि ते बहुतेकांना नोकरीत लागल्यावर चाचपडतच शिकावे लागते. योगशिक्षकांचे उलट आहे. त्यांना वर्ग घेण्याची हातोटी असते. रोगाची पारख हे त्यांचे क्षेत्र नव्हे.

या दोहोंचा मेळ महाराष्ट्रात पूर्वी घातला गेला आहे, हे आम्हांस शोध घेताना जाणवले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हापासूनच आसनांचा परिणाम यंत्रांनी व क्ष-किरणांनी तपासून पाहण्याचा त्यांचा आग्रह होता. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभारली. तेथील वैद्यकीय वर्गाची रचना आमच्या विशेष उपयोगी पडली. दालन एक, वेळ एक, परंतु प्रत्येक रुग्णाचा क्रम निराळा! कोणी भिंतीच्या दोरांना धरून उभा, कोणी खुर्चीच्या आधाराने वळलेला, कोणी लोड पाठीखाली घेऊन निजलेला. अशा वर्गात अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून राबूनच नवा शिक्षक तयार होतो. तक्ता पाठ करून नव्हे, तर शरीरे पाहत पाहत. पाठीच्या रुग्णांचे सर्वच प्रश्न आसनांनी सुटतात असा आमच्या डॉक्टरांचा दावा नाही. वर्ग कसा मांडावा, एवढाच धडा आम्ही तेथून घेतला.

या आधारावर अहवाल वर्षात पहिले प्रशिक्षण झाले. बारा शनिवारांचा हा अभ्यासक्रम फिजिओथेरपिस्ट, योगशिक्षक आणि परिचारिका यांच्यासाठी होता. पहिले तीन शनिवार कोणालाही एकही व्यायाम शिकविला नाही, याबद्दल काही प्रशिक्षणार्थींनी नाराजीही व्यक्त केली. या काळात केवळ विचारणे आणि पाहणे शिकविले गेले. रात्री दुखून जाग येते का? ताप, वजनात घट? घरात कोणाला क्षय होता का? पूर्वी कर्करोग? अलीकडे पडझड? पायांत बळ कमी वाटते का? लघवी-शौचावरचा ताबा गेला आहे का, किंवा बैठकीचा भाग बधिर वाटतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय आले, तर रुग्णास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावयाचे, उद्या नव्हे. हे प्रश्न मराठीत आणि हिंदीत, शरम न वाटेल अशा शब्दांत, आडोशाला विचारण्याचा सराव करून घेतला. मावशींना पुरुष शिक्षकाने लघवीविषयी विचारले तर त्या नाहीच म्हणणार, ही साधी बाब एका परिचारिकेने ध्यानात आणून दिली. निदान करणे हे डॉक्टरांचे काम, संशय घेणे हे वर्ग घेणाऱ्याचे, अशी विभागणी ठरली. योगशिक्षकांनी ती मनःपूर्वक स्वीकारली, हे नमूद केले पाहिजे.

चौथ्या शनिवारी वर्ग वस्तीत गेला. प्रशिक्षणार्थी एका जरीच्या कारखान्यात दोन तास कारागिरांच्या शेजारी जमिनीवर बसले. अर्ध्या तासातच त्यांची चुळबुळ सुरू झाली. पुढच्या खेपेस ते पहाटे पाण्याच्या वेळी आले. मला स्वतःला या भेटीतून सर्वांत अधिक शिकावयास मिळाले. रात्री आडवे झाल्यावर मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी माणसाची उंची एक-दीड सेंटिमीटर अधिक भरते. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. पहाटे पुढे वाकणे टाळल्याने जुनी कंबरदुखी कमी होते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. आमच्या स्त्रिया मात्र डोळे चोळत उठतात त्या थेट हंडा उचलावयास. पाण्याची वेळ बदलणे आमच्या हाती नाही. तेव्हा उठल्यावर थोडे चालावे, हंडा पूर्ण न भरता दोन खेपा कराव्यात, उकिडवे बसून भांडे छातीशी धरून उठावे, एवढे तरी वर्गात शिकविता येते. मग वर्गातील व्यायामही त्याच दिशेने आखला जातो : मांड्यांचे बळ, उकिडवे बसून उठणे, हाती वजन घेऊन जिन्याची पायरी.

पुनर्वसनाच्या घरांचे क्षेत्रफळ अनेक ठिकाणी २२५ चौरस फूट आहे. सहा माणसांच्या घरात सतरंजी पसरून आडवे होण्यास जागा नसते आणि असली तरी सुनेला सासऱ्यांसमोर पाय वर करून झोपता येत नाही. म्हणून प्रत्येक व्यायामाचे भिंतीशी उभे राहून किंवा ओट्याला धरून करण्याजोगे रूप प्रशिक्षणार्थींनी शोधून काढावे, असा नियम केला. जो व्यायाम घरी होऊ शकत नाही तो वर्गात शिकविण्यात अर्थ नाही, हे आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंचे वाक्य मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे.

वर्गाची आखणी कशी करावी याचा एक नमुना देतो. उद्देश एकच ठरवावयाचा, उदाहरणार्थ, खुर्चीतून हात न टेकता उठणे. त्याच्या पायऱ्या मात्र तीन. पहिल्या पायरीवर उंच बैठक आणि हाताचा आधार. दुसऱ्यावर साधी खुर्ची. तिसऱ्यावर हातात पाण्याची बाटली घेऊन सावकाश बसणे-उठणे. बाराही जण एकाच वेळी हीच हालचाल करतात, पण प्रत्येक जण आपल्या पायरीवर. व्यायामानंतरची ठणक दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली तर पायरी योग्य, न ओसरल्यास एक पायरी खाली. कळ कंबरेतून पायाकडे उतरू लागली तर तो व्यायाम बंद आणि रुग्ण पुन्हा तपासणीस. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने सहा आठवड्यांच्या वर्गाचा आराखडा स्वतः लिहून तो अस्थिरोगतज्ज्ञांसमोर मांडला. पहिल्या वाचनात जवळजवळ सर्वच आराखडे परत गेले; त्यांत व्यायाम फार आणि माणसे कमी होती.

बोलण्याच्या भाषेवर एक संपूर्ण शनिवार खर्ची पडला आणि तो सार्थकी लागला. आपल्याकडे जो तो म्हणतो, ‘मणक्यात गॅप आहे’. हा शब्द कोणीतरी फिल्म पाहून उच्चारतो आणि रुग्ण तो आयुष्यभर वाहतो. वाकले तर मणका निसटेल या धास्तीने तो वाकणेच सोडतो आणि पाठ अधिकच दुबळी होते. वस्तुतः ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या एम.आर.आय. चित्रांतही चकत्यांची झीज दिसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के निरोगी व्यक्तींत ती होती. ही झीज केसांच्या पांढरेपणासारखी आहे, असे आमचे डॉक्टर समजावतात. ‘मावशी, गॅप नाही, गादी जुनी झाली आहे, जुन्या गादीवरही झोप लागते’, असे एका परिचारिकेने म्हटले तेव्हा सारा वर्ग हसला आणि त्या मावशी कित्येक महिन्यांनी प्रथमच पायाचे अंगठे धरण्यास वाकल्या. (त्यांची हाडे आधी तपासलेली होती, हे सांगणे आवश्यक आहे.)

आता थोडे पैशाविषयी, कारण ते माझे काम. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णशिक्षण आणि व्यायाम यांची शिफारस असून कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांचा सरसकट वापर करू नये असे म्हटले आहे. आपल्या विभागातील ट्रॅक्शनचे यंत्र एका सद्गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ दिलेले आहे. त्यांनी रागावू नये. ते यंत्र ज्या खोलीत होते ती खोली आता वर्गासाठी वापरली जाते आणि स्मृतिफलक तेथेच, दरवाजावर आहे. देणगीदारांना यंत्रावर नाव कोरता येते, शिक्षकाच्या प्रशिक्षणावर कोरता येत नाही, ही आमच्यासारख्या संस्थांची जुनी अडचण आहे. २००६ सालच्या मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी खाटांचा ठरावीक हिस्सा निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखावयाचा असतो आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावयाची असते. ही व्यवस्था योग्यच आहे. मात्र ती खाट आणि देयक मोजते. जो रुग्ण व्यायामाने सावरला आणि खाटेपर्यंत आलाच नाही, त्याच्यासाठी माझ्या विवरणपत्रात रकाना नाही. तूर्तास हा खर्च सर्वसाधारण निधीतून केला जातो.

पुढील तुकडी पावसाळ्यानंतर सुरू होईल. हाताविना खुर्च्या, भिंतीला कठडा आणि स्त्रियांच्या तपासणीसाठी पडद्याचा आडोसा, इतकीच निकड आहे.

वर्गाच्या नव्या हजेरीपत्रकात ‘उपस्थित’ व ‘अनुपस्थित’ याखेरीज तिसरा रकाना आहे : ‘आज वर्गात घेतले नाही, कारण’. तो सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत एक भगिनी माझ्या कार्यालयात तक्रार घेऊन आल्या. कामावर खाडा करून आले आणि तुमच्या ताईने दारातूनच परत पाठविले, असे त्यांचे म्हणणे. मी पत्रक मागविले. रकान्यात लिहिले होते : रात्री जाग येते, वजन कमी, सासऱ्यांना क्षय झाला होता. त्यांना त्याच दिवशी तपासणीस पाठविले गेले. क्षय निघाला नाही; रक्तक्षय आणि थायरॉइडचा विकार निघाला आणि त्यावर औषधे सुरू झाली. महिन्याभराने त्या वर्गात दाखल झाल्या. आता नियमित येतात, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतात आणि ज्या ताईंनी परत पाठविले त्यांच्याशी अद्याप फारसे बोलत नाहीत.